चालेल, पण थांबेल का?

मोटार असलेली दोन माणसं एकत्र आली, की पाचव्या मिनिटाला गोष्ट ॲव्हरेजवर येते. "लिटरला किती देते हो?" म्हशीच्या बाजारात दुधाची चौकशी व्हावी त्या सुरात हा प्रश्न येतो, आणि उत्तर देणाराही म्हशीच्या मालकाइतकाच सत्यप्रिय असतो. सोळा देणारी वीस देते, वीस देणारी "हायवेला" चोवीस देते. मग पिकअप निघतो, एसी निघतो, सीटकव्हर कुठून शिवून घेतली ते निघतं. पण "आमची गाडी काय सुंदर थांबते म्हणून सांगू!" असं कौतुक करणारा गृहस्थ मला अजून भेटायचा आहे.

याला कारण आहे. ब्रेक ही वस्तू चाकाच्या आत, काळोखात, धुळीत बसून काम करते. शेजाऱ्याला ती दिसत नाही, आणि जे शेजाऱ्याला दिसत नाही त्यावर पैसे खर्च करायला मध्यमवर्गीय माणसाचा हात धजत नाही. हॉर्नचं तसं नाही. हॉर्न सगळ्या आळीला ऐकू जातो. मला तर या दोन वस्तूंमध्ये दोन धर्म दिसतात. हॉर्न म्हणतो, "बाबांनो, मी येतोय, तुमचं तुम्ही सांभाळा." ब्रेक म्हणतो, "तुम्ही चाला सावकाश, मी सांभाळतो." पहिल्या धर्माचे अनुयायी आपल्याकडे किती आहेत ते कोणत्याही सिग्नलला उभं राहून ऐकावं.

इतिहासातही ब्रेकच्या वाट्याला हीच उपेक्षा आली आहे. कार्ल बेंझ यांनी मोटार केली हे शाळेतलं पोर सांगेल. पण १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बर्था बेंझ नवऱ्याला न विचारता, दोन मुलांना बरोबर घेऊन, ती मोटार काढून मानहाइमहून आपल्या माहेरी फोर्ट्सहाइमला निघाल्या. सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता. (माहेरी जायचं म्हटल्यावर रस्त्याची पर्वा करायची नसते, ही गोष्ट जर्मनीतही आहे.) वाटेत उतार लागले आणि ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजून गेले. बाईंनी काय केलं? एका गावात चांभार गाठला आणि त्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. आज ज्याला आपण ब्रेक लायनिंग म्हणतो त्याचा हा पहिला अवतार समजतात. म्हणजे गाडी चालवायची युक्ती नवऱ्याची आणि थांबवायची बायकोची. संसारी वाचकांना यात नवीन काही वाटणार नाही.

त्या चामड्याचा आजचा वंशज म्हणजे ब्रेक पॅड. आमची गाडी आहे मारुती ८००. ही गाडी १९८३च्या डिसेंबरात या देशात अवतरली, आणि २०१४च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत तिनं कितीतरी घरांना "आमच्याकडे गाडी आहे" हे वाक्य उच्चारायची संधी दिली. आमची २००६ सालची. पंधरा वर्षं पुरी झाली तेव्हा आर.टी.ओ.त तिची तपासणी होऊन पाच वर्षांची मुदतवाढ मिळाली. निवृत्त माणसाला मुदतवाढ मिळाल्यावर तो कसा जरा ताठ चालतो, तशी ती त्या दिवशी घरी आली.

या गाडीच्या पुढच्या दोन चाकांना डिस्क आणि मागच्या दोन चाकांना ड्रम. पुढे चाकाबरोबर लोखंडाची एक तबकडी फिरत असते. आपण पेडल दाबलं की नळीतलं ब्रेक ऑइल पिस्टनला ढकलतं आणि दोन बाजूंनी दोन पॅड त्या तबकडीला धरतात, चिमट्यात पापड धरावा तसे. पॅड म्हणजे एक पोलादी पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेला घर्षणाच्या मसाल्याचा थर. नवा असताना हा थर साधारण सेंटिमीटरभर असतो. झिजत झिजत तीन मिलिमीटरवर आला की पॅड बदलावा, असा सर्वसाधारण नियम आहे. चार माणसं बसलेली ही गाडी सगळी मिळून नऊशे किलोच्या आसपास भरते. ताशी साठ किलोमीटरच्या वेगात तिला थांबवायचं, तर दोन कप चहाचं पाणी उकळेल एवढी उष्णता निर्माण होते, आणि तिचा मोठा भाग पुढच्या चाकांच्या वाट्याला येतो, कारण थांबताना सगळं वजन पुढे झुकतं. म्हणजे स्वारगेटपासून हडपसरपर्यंत जाताना आपण पुढच्या चाकांत किती लोकांचा चहा टाकतो याचा हिशेब करावा! वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर लागणारं अंतर मात्र चौपट होतं. हे गणित शाळेत सगळ्यांनी सोडवलेलं असतं, आणि शाळेतच सोडून दिलेलं असतं.

झिजणं हा पॅडचा दोष नाही. तो झिजावा म्हणूनच केलेला असतो. तबकडी वाचावी म्हणून तो स्वतः मऊ राहतो. आणि संपत आला तरी फारशी तक्रार करत नाही. काही पॅडांना पत्र्याची एक बारीक जीभ लावलेली असते. थर संपत आला की ती तबकडीला टेकते आणि किंचाळायला लागते. ज्यांना ही जीभ नसते ते गप्पच राहतात, आणि शेवटी पोलादावर पोलाद घासल्याची खरखर ऐकू येते तेव्हा तबकडीचाही निकाल लागलेला असतो. आणखी एक खूण आहे. पॅड झिजेल तसा पिस्टन बाहेर सरकत राहतो, आणि बॉनेटखालच्या डबीतलं ब्रेक ऑइल हळूहळू खाली जातं. लोक काय करतात? वरून ऑइल ओततात. डबी भरली, समाधान झालं. दुखणं तसंच ठेवून ताप उतरवण्याची ही पद्धत आपण मोटारीपुरतीच वापरतो असं मात्र समजू नये.

एवढ्या प्रस्तावनेनंतर मूळ प्रश्नाकडे येतो. आम्ही गाडी विकायची ठरवली. माझे गुडघे आणि सोसायटीतलं पार्किंग, दोन्ही आखडत चालली होती. विकण्याआधी एकदा दाखवून घ्यावी म्हणून मिस्त्रीकडे नेली. त्यानं चाक उतरवलं, वाकून पाहिलं, पॅडवर अंगठ्याचं नख टेकवलं आणि म्हणाला, "तीन एम.एम. राहिलाय साहेब. पण चालेल."

"किती चालेल?"

"तुम्हाला कशाला पायजे? गाडी विकताय ना? घेणारा बघंल."

मराठी भाषेत "चालेल" या शब्दाइतका सोयीचा शब्द दुसरा नसेल. चहात साखर कमी आहे, चालेल. मुलगा जरा बुटका आहे, चालेल. सगळा महाराष्ट्र या एका क्रियापदावर चालला आहे. पण ब्रेकच्या बाबतीत हे उत्तर ऐकून मला प्रथमच वाटलं, की यात काहीतरी चुकतंय. गाडी चालेल याबद्दल कुणालाच शंका नव्हती. शंका होती ती थांबण्याची.

घरी आल्यावर मी विषय काढला. ही म्हणाली, "दीड हजार घालायचे आणि गाडी दुसऱ्याला द्यायची? तिकीट आपण काढायचं आणि सिनेमा शेजाऱ्यांनी बघायचा, त्यातली गत." यावर मला उत्तर सुचेना. वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब खाली फिरायला आले होते, त्यांना विचारलं. त्यांनी वकिली पद्धतीनं आधी खाकरून घेतलं. मग म्हणाले, "खरेदीदारानं डोळे उघडे ठेवावेत, हे तत्त्व फार जुनं आहे. त्यानं विचारलं तर खोटं बोलू नका. नाही विचारलं तर गप्प राहा. फक्त एकोणतीस आणि तीस नंबरचे फॉर्म भरून गाडी त्याच्या नावावर झाली का ते बघा. तोवर जबाबदारी तुमची." आणि ते खरंच आहे. कागदोपत्री नाव बदललेलं नसेल तर अपघाताची भरपाई मूळ मालकाच्या गळ्यात येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली दिलेला आहे. थोडक्यात, फॉर्मवर शिक्का पडेपर्यंत माझ्याकडे सदसद्विवेकबुद्धी असणं आवश्यक होतं. नंतर ती परत केली तरी चालणार होतं.

हा वाद फार जुना आहे. रोममध्ये सिसेरो म्हणून एक मोठा वक्ता होऊन गेला. त्याचा मुलगा अथेन्सला शिकायला होता. परगावी शिकणाऱ्या मुलाला वडील पत्रातून उपदेश करतात. सिसेरोनं इ.स.पूर्व ४४ मध्ये त्यासाठी तीन भागांचं पुस्तकच लिहिलं. (मुलानं ते वाचलं की नाही हा प्रश्न कोणत्याही बापानं विचारू नये.) त्याच्या तिसऱ्या भागात घर विकणाऱ्या एका माणसाचं उदाहरण आहे. घर वरून चांगलं, पण रोगट. लाकूड कुचकं आणि प्रत्येक खोलीत साप निघतात, हे फक्त मालकाला ठाऊक आहे. त्यानं हे गिऱ्हाइकाला सांगावं का? यावर डायोजेनिस नावाचा गुरू आणि अँटिपेटर नावाचा त्याचा शिष्य यांची जुंपली आहे. शिष्य म्हणतो, सगळं सांगितलं पाहिजे. गुरू म्हणतो, कायद्यानं सांगायला लावलं तेवढं सांगावं. साप निघणारं घर विकणे आहे अशी दवंडी कोण पिटतं? सिसेरोनं कौल शिष्याच्या बाजूनं दिला आहे. वकीलसाहेबांना मी हे ऐकवलं तेव्हा ते म्हणाले, "सिसेरोही वकीलच होता. पण त्याला सोसायटीचा मेंटेनन्स भरायचा नव्हता."

ठीक. मी अँटिपेटरचा पक्ष धरायचं ठरवलं. येईल त्या गिऱ्हाइकाला सरळ सांगायचं, की पॅड झिजलेत, दीड हजार कमी द्या आणि बदलून घ्या. व्यवहार स्वच्छ, माझी झोप शाबूत. हे ठरवून मी खरंच झोपायला गेलो. आणि तिथेच घोटाळा झाला.

अंधारात मला असं दिसलं, की या हिशेबात एक माणूस धरलेलाच नाही. सापाच्या घरात साप चावणार तो घर घेणाऱ्याला. त्याला सांगितलं, त्यानं ऐकलं, तरी घेतलं. आता तो जाणे आणि साप जाणे. पण ब्रेकचा साप घर घेणाऱ्यालाच चावेल असं कुठे आहे? फोनवर चौकशी करणारा पहिलाच तरुण सासवडच्या बाजूचा निघाला होता. नोकरी हडपसरला, म्हणजे दिवे घाटातून रोजचं येणं-जाणं. त्या घाटाच्या एका वळणावर कणसं भाजत बसणारी बाई मी अनेकदा पाहिली आहे. उतारावर थांबून तिच्याकडून कणसं घेतलीही आहेत. तिखटमीठ सढळ लावते. मी आणि तो तरुण मिळून पॅडचा सौदा करणार. दीड हजाराची सूट तो घेणार. त्यातून तो पॅड आणेल की पुढच्या महिन्यात आणू म्हणून स्पीकर आणेल? मी तरुण असतो तर काय आणलं असतं, हे मला नेमकं ठाऊक आहे. मग आम्हा दोघांच्या या प्रामाणिक व्यवहारात कणीसवालीला काय मिळालं? तिला कुणी विचारलं नव्हतं. तिच्या सहीचा फॉर्म नाही. एकोणतीस नंबरचाही नाही आणि तीस नंबरचाही नाही.

मी स्वतः गाडी चालवत होतो तोवर निदान माझी मान त्या पॅडला बांधलेली होती. पातळ पॅडवर घाट उतरताना मला माझी भीती वाटली असती आणि त्या भीतीच्या पोटी बाईही वाचली असती. स्वार्थाचं एवढं तरी बरं असतं, की वाटेतल्या चार लोकांचं त्यात आपोआप भलं होतं. विकल्याच्या क्षणी माझी मान सुटते. तिची मात्र वळणावरच राहते. मग ज्या दिवशी गाडी माझी उरत नाही त्या दिवशी माझं कर्तव्य कमी होतं, असं वकीलसाहेब म्हणतात ते मला पटेना. मला तर उलट ते वाढल्यासारखं वाटायला लागलं. रात्रीचे दोन वाजले होते, हेही सांगितलं पाहिजे. रात्री दोन वाजता माणसाला बरीच कर्तव्यं दिसतात.

सकाळी मात्र दुसरा प्रश्न उभा राहिला: कणीसवालीसाठी पॅड, तर मग टायर? वायपर? मागचा दिवा? अशानं परोपकार करता करता मी त्या तरुणाला नवी गाडीच बांधून दिली असती. तेव्हा मी एक रेघ ओढली. जे बिघडल्यानं फक्त घेणाऱ्याचं हाल होईल, ते त्याला सांगायचं आणि सोडायचं. एसी थंड होत नाही, सांगायचं. मागच्या सीटला नातवानं खिळ्यानं हत्ती कोरला आहे, दाखवायचं. पण ज्याचा तडाखा रस्त्यावरच्या तिऱ्हाइताला बसेल, ते सांगून भागणार नाही. ते करूनच द्यायचं. टायर नशिबानं मागल्या वर्षीचे होते. ब्रेकचा मागचा दिवा एका बाजूचा गेला होता, तो बल्ब बदलला. बल्ब स्वस्त असल्यामुळे तिथे माझं तत्त्वज्ञान फार वेळ अडलं नाही.

मिस्त्रीकडे परत गेलो. "बदला," म्हटलं. त्यानं माझ्याकडे करुणेनं पाहिलं. "मग एकाच बाजूचे टाकू? डावीकडचे जरा बरे आहेत."

यावर मात्र मी ठाम राहिलो. पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे असतात. नाहीतर एक चाक घट्ट धरतं, दुसरं ढिलं, आणि गाडी थांबताना बाजूला ओढते. आघाडीच्या सरकारात जे होतं तेच. "बरं, मग डुप्लिकेट टाकू? दिसायला सेम," तो म्हणाला. दिसायला! चाकाच्या आत, काळोखात बसणाऱ्या वस्तूच्या दिसण्याची त्यालाही काळजी होती. मी दुकानात जाऊन चार पॅडचं सीलबंद खोकं आणि ब्रेक ऑइलची बाटली घेऊन आलो.

जुने पॅड निघाले. नवे जाड पॅड बसायला जागा हवी म्हणून त्यानं क्लॅम्प लावून पिस्टन आत दाबला. त्याआधी डबीतलं थोडं ऑइल काढून घेतलं. ते काढलं नाही तर पिस्टन आत जाताना ऑइल वर येतं, डबीतून सांडतं, आणि रंगावर पडलं तर रंग खातं. मग नळ्यांतली हवा काढत जुनं ऑइल पूर्ण बाहेर काढलं. ते काळ्या चहासारखं झालं होतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं. पाणी मुरलेलं ऑइल घाटात तापलं की त्यात वाफ धरते, आणि पेडल दाबलं तर पाय जमिनीला टेकतो. म्हणून ते दोनेक वर्षांनी बदलावं म्हणतात. हे सगळं सांगताना मिस्त्रीचा आवाज बदलला होता. "चालेल" म्हणणारा माणूस कुठेतरी गेला आणि कामाची लाज असणारा माणूस पुढे आला. डिस्कवरून बोट फिरवून तो म्हणाला, "ही चांगली आहे. वेळेवर केलंत." मागची ड्रम मी न सांगता त्यानं उघडली, आतले शू बघितले, ते बरे होते, धूळ ओल्या फडक्यानं पुसली. फुंकर मारली नाही. जुन्या काळी या धुळीत ॲस्बेस्टॉस असायचा आणि त्याच्या उस्तादाला शेवटी छातीचा त्रास झाला होता, हे त्यानं फडकं पिळत पिळत सांगितलं.

शेवटी गाडीत बसून त्यानं चार-पाच वेळा पेडल दाबलं. पहिल्यांदा ते थेट खाली गेलं, मग हळूहळू कडक झालं. हे न करता कुणी गाडी रस्त्यावर काढली तर पहिला ब्रेक लागतच नाही.

रविवारी तो तरुण आला. बरोबर बायको आणि कडेवर पोर. त्यानं बॉनेट वाजवून पाहिलं, दारं लावून पाहिली, हॉर्न तीनदा वाजवून पाहिला. बायकोनं हत्ती पाहिला आणि पोराला दाखवला. एसीचं ऐकून त्यानं मान हलवली. मग मी, थोडंसं सहज बोलल्यासारखं करून, म्हटलं, "पुढचे ब्रेक पॅड नवे टाकलेत. ऑइलही बदललंय."

तो थबकला. "का हो काका? ब्रेकला काही प्रॉब्लेम होता का?"

"नाही, झिजले होते."

"पण विकायच्या आधी कोण बदलतं?" त्यानं गाडीभोवती पुन्हा एक फेरी मारली. या वेळी खाली वाकून. "ठोकली वगैरे नव्हती ना कुठे?"

मी बिल दाखवलं. त्यामुळे संशय वाढला. मी वकीलसाहेबांना साक्षीला बोलावलं. वकील आलेला पाहून तर तो बायकोला बाजूला घेऊन कुजबुजायलाच लागला. शेवटी त्यानं ठरलेल्या किमतीतून दोन हजार कमी केले. ही मागून मला म्हणाली, "पॅडचे दीड हजार, वर हे दोन. साडेतीन हजारांत कणीसवालीला वर्षभर गिऱ्हाईक झाला असतात."

फॉर्मवर सह्या झाल्या. किल्ली देताना मी त्याला सांगितलं, की नवे पॅड नव्या जोड्यासारखे असतात, अंगी लागायला वेळ घेतात, तेव्हा पहिले दोनेकशे किलोमीटर अंतर राखून चालव, हिसक्यानं ब्रेक दाबू नकोस, आणि घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये घे.

त्यानं पोराला पुढच्या सीटवरून उचलून मागे, हत्तीजवळ बसवलं, काच खाली केली आणि हसून म्हणाला, "चालेल, काका."